वाढीच्या मार्करआधी वंशावळ: पाळीव बेडकांच्या निवड पैदाशीबद्दल

प्रश्न असा आहे: "मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतोय. ब्राझील, थायलंड, चीन इथे बेडूकपालन मोठ्या प्रमाणावर होतं. तिथल्या निवड पैदाशीत जनुकीय मार्करचा नेमका उपयोग काय? लवकर वाढणारा बेडूक लहानपणीच ओळखता येईल असा मार्कर आहे का? आणि आपल्याकडे या विषयावर प्रबंध करता येईल का?"

तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. एक चाचणी केली की "हा बेडूक झपाट्याने वाढणार" असं छातीठोकपणे सांगणारा, चार वेगवेगळ्या फार्मवर पडताळून खरा ठरलेला मार्कर, म्हणजे डीएनएतली ओळखखूण, बेडकात अजून हाती आलेला नाही. शोधनिबंध चाळलेत तर तसे दावे दिसतील. ग्रोथ हॉर्मोन, मायोस्टॅटिन (स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन) अशा ओळखीच्या जनुकात एखादा एसएनपी, म्हणजे डीएनएतला एका अक्षराचा फरक, शोधायचा, एका फार्मवरच्या शे-दीडशे बेडकांच्या वजनाशी तो ताडायचा, आणि संबंध लक्षणीय आला की निबंध पाठवून द्यायचा. गणितात चूक नसते. मेख असते ती बेडूक आले कुठून यात.

बुलफ्रॉग या मोठ्या अमेरिकन बेडकाची एक मादी एका वेळी काही हजारांपासून वीस हजारांपर्यंत अंडी घालते. म्हणजे फार्मवरचे दीडशे बेडूक दोन-चार विणींतूनच आलेले असू शकतात. त्यातली एक वीण आठवडाभर आधी उबली, तिच्या हौदात गर्दी कमी होती किंवा तिच्या आईची अंडीच मोठी होती, म्हणून ती वजनाला पुढे गेली. आता त्या विणीला बाकीच्यांपासून वेगळं दाखवणारा कुठलाही मार्कर घ्या, तो वजनाशी जुळणारच. मायोस्टॅटिनमधला जुळेल, तसाच वाढीशी काडीचा संबंध नसलेलाही जुळेल. म्हणून असा निबंध हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधते: बेडूक किती आई-बापांचे होते? ते लिहिलेलं नसेल तर पुढचे तक्ते वाचण्यात वेळ घालवत नाही.

वाढ हा गुण अनेक जनुकांच्या थोड्या-थोड्या हातभाराने ठरतो. एकाच जनुकाच्या भरवशावर निवड करून बाजी मारल्याचं जलसंवर्धनातलं गाजलेलं उदाहरण आहे ते सामन माशाचं, आणि तेही वाढीचं नाही, रोगाचं. आयपीएन नावाच्या विषाणुजन्य रोगाचा प्रतिकार अटलांटिक सामनमध्ये मुख्यतः 26 व्या गुणसूत्रावरच्या एका जागेवर ठरतो, हे स्कॉटलंड आणि नॉर्वेतल्या गटांनी 2008-09 च्या सुमारास दाखवलं. त्या जागेचे मार्कर वापरून निवडलेली अंडी बाजारात आली आणि नॉर्वेत त्या रोगाच्या साथी झपाट्याने उतरल्या. सगळे त्याचाच दाखला देतात. पण तिथेही आधी काय होतं ते पाहा: शेकडो कुटुंबांची वर्षानुवर्षांची नोंद, आणि कुटुंबवार केलेल्या रोगचाचण्या. मार्कर त्या नोंदींतून निघाला. बेडूकपालनात ती वहीच नाही.

मग मार्करचा उपयोग काय? आज तरी तो वंशावळीसाठी. मार्कर हा सातबारा आहे. जमीन कोणाची ते तो सांगतो, पीक किती येईल ते नाही. पण मालकीच ठाऊक नसेल तर पुढचा कुठलाच व्यवहार होत नाही, आणि बेडकांच्या बाबतीत ती ठाऊक नसते.

याची दोन कारणं आहेत. पहिलं इतिहासातलं. ब्राझीलमधला बुलफ्रॉग हा तिथला नाही. तो उत्तर अमेरिकेतून 1935 मध्ये रिओ दि जानेरो राज्यात आणला गेला आणि तिथल्या फार्मवरून देशभर पसरला. मायटोकॉन्ड्रियल डीएनए (जो फक्त आईकडून येतो) आणि मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) वापरून तिथल्या बेडकांची तपासणी झाली तेव्हा एवढ्या मोठ्या देशात जनुकीय गट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. म्हणजे मूळ भांडवल तुटपुंजं, आणि नंतर फार्मवाले एकमेकांकडूनच जोड्या घेत राहिले. व्हिसोझा इथल्या विद्यापीठाने उत्तम हौद-पद्धत बसवून दिली, खाद्य सुधारलं, पण बेडूक तेच. थायलंडचा पाळीव बेडूक वेगळा, होप्लोबॅट्रॅकस रुगुलोसस, आपल्या मोठ्या बेडकाचा सख्खा चुलतभाऊ. तिथे तो स्थानिक आहे, म्हणून भांडवल मोठं. पण हाच थाई बेडूक पुढे चीनमध्ये पालनासाठी नेला गेला, आणि तिथे त्याच नावाचा स्थानिक बेडूक आधीच होता. दोघांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत इतकी तफावत निघाली की ही एक प्रजाती की जास्त, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा चीनमधल्या एखाद्या फार्मवर "टायगर फ्रॉग" म्हणून जे पाळलं जातं ते थाई, चिनी की मिश्र, हे डोळ्यांनी कळत नाही. निवड सुरू करण्याआधी मार्करने हा उलगडा करून घ्यायलाच हवा, नाहीतर तुम्ही संकराचा जोम मोजाल आणि त्याला निवडीचं यश म्हणाल.

दुसरं कारण रोजच्या कामातलं, आणि त्याकडे जरा निवांत पाहू.

समजा फार्मवर दहा नर आणि दहा माद्या आहेत आणि सगळ्यांनी सारखी पिल्लं दिली. प्रभावी संख्या, म्हणजे पुढच्या पिढीला खरोखर जनुकं देणाऱ्या आई-बापांचा हिशेबी आकडा, येते 20 आणि दर पिढीला अंतःप्रजनन (नात्यातल्यांची वीण) वाढतं अडीच टक्क्यांनी. पाच पिढ्यांत ते 12 टक्क्यांच्या आसपास जातं. हे वाईट आहे, पण हाताबाहेर गेलेलं नाही. प्रत्यक्षात मात्र वीण सारखी कधीच होत नाही. पावसाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर दोन माद्या अंडी घालतात, त्यातच हौद भरून जातात, आणि उरलेल्या माद्यांची अंडी ठेवायला जागा नसते म्हणून ती टाकली जातात किंवा विकली जातात. वहीत दहा जोड्या, पण पुढच्या पिढीचे आई-बाप खरे दोनच. दोन जोड्यांची प्रभावी संख्या चार, आणि एका पिढीत साडेबारा टक्के अंतःप्रजनन. सावत्र भावंडांचं लग्न लावल्यासारखंच ते झालं. मग बेडूकमाशांची वाढ रखडते, रूपांतराच्या वेळी मर वाढते, वाकड्या पायांची पिल्लं दिसू लागतात, आणि मालक खाद्याच्या कंपनीला दोष देतो.

एवढ्यासाठी महागडं तंत्र लागत नाही. बुलफ्रॉगसाठी मायक्रोसॅटेलाइट वाचायच्या प्रायमरच्या (हवा तो भाग पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) जोड्या 2003 सालापासून प्रसिद्ध आहेत. दहा-बारा चांगल्या जागा घेतल्या, दरवर्षीच्या जोडकळपातून पन्नास नमुने तपासले, तर विविधता टिकते आहे की गळते आहे हे कळतं. सरासरी विषमयुग्मकतेपेक्षा (एका जागी दोन वेगळी रूपं असण्याच्या प्रमाणापेक्षा) एकूण अॅलीलांची, म्हणजे त्या जागेच्या रूपांची, संख्या आधी घसरते, दुर्मिळ अॅलील पहिल्यांदा नाहीसे होतात, म्हणून डोळा तिच्यावर ठेवायचा. माझ्या मते लहान फार्मसाठी मार्करचा एवढा एकच वापर पुरेसा आहे. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता निवडीकडे. निवड म्हणजे चांगल्यांना ठेवायचं, हे खरं, पण चांगला बेडूक कोणता? इथे बेडूक फसवतो. रूपांतर होऊन पाय फुटलेली पिल्लं एकत्र ठेवली की काही पिल्लं भरभर पुढे जातात. त्यातली काही जनुकांच्या जोरावर, आणि काही शेजारच्याला गिळून. भावंडं खाणारा बेडूक वजनकाट्यावर नेहमीच वरचढ दिसतो. प्रतवारी उशिरा केली तर तुम्ही वाढीची नव्हे, नरभक्षकपणाची निवड करता. थायलंडच्या ईशान्य भागात, इसानमध्ये, सिमेंटच्या हौदांवर काम करणारे जुने लोक दर काही दिवसांनी चाळण लावून पिल्लं वेगळी करतात ती याच कारणाने. त्यांना आनुवंशिकीशी देणंघेणं नसतं, मर कमी करायची असते. पण आपल्याला वजनाच्या नोंदी घ्यायच्या असतील तर तीच शिस्त आणखी कडक पाळावी लागते.

दुसरी फसगत हौदाची. मत्स्यपालनात आपण काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या सिफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने 1992 मध्ये नॉर्वेच्या मदतीने रोहूची निवड सुरू केली, त्यातून जयंती रोहू आला. प्रत्येक कुटुंब वेगळ्या तळ्यात वाढवायचं, बोटुकली पुरेशी मोठी झाली की पोटात पिट टॅग (यंत्राने वाचता येणारी छोटी इलेक्ट्रॉनिक खूण) घालायचा, आणि मग सगळ्यांना एकत्र सोडायचं. पिढीमागे 17-18 टक्के वाढ त्यांनी याच पद्धतीने मिळवली. फिलिपाईन्समध्ये 1988 मध्ये सुरू झालेलं गिफ्ट या सुधारित वाणाच्या तिलापिया माशाचं कामही याच धर्तीचं. डीएनए मार्करची गरज दोन्हीकडे लागली नव्हती.

बेडकात ही पद्धत लंगडी पडते. बेडूकमाशाला खूण करणार कुठे? शेपटीला केली तर शेपटी विरघळून जाते. अंगात टॅग घालावा एवढा तो मोठा होईपर्यंत कुटुंबं वेगवेगळ्या हौदांत ठेवावी लागतात, आणि बेडूकमाशांच्या वाढीवर गर्दी आणि पाण्याचा इतका परिणाम होतो की कुटुंबांतला फरक जनुकांचा की हौदाचा हे सोडवणं कठीण. इथे मार्कर खरा कामाला येतो. सगळ्या कुटुंबांची अंडी फुटल्यावर सारख्या संख्येने एकाच हौदात मिसळायची, सगळ्यांना तेच पाणी, तेच खाद्य. शेवटी वजन घ्यायचं, नमुना घ्यायचा, आणि आई-बाप डीएनएवरून लावायचे. हौदाचा प्रश्न मुळातूनच सुटतो.

नमुना कसा घ्यायचा हे पुस्तकात नीट नसतं, म्हणून सांगते. बेडूकमाशाचा नमुना घ्यायचा असेल तर शेपटीच्या वरच्या पडद्याची पारदर्शक कड कात्रीने तांदळाच्या दाण्याएवढी घ्या. मधला काळसर मांसल भाग नको. त्यातलं मेलॅनिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया, अडवतं आणि तुम्ही दोन आठवडे प्रायमरला शिव्या देत बसता. बेडकाचं ऊतक पाणथळ असतं, त्यामुळे 95 टक्के अल्कोहोल नमुन्याच्या दहापट घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी बदलायचं. पहिल्या दिवशीचं अल्कोहोल पाणी होऊन बसलेलं असतं. मोठ्या बेडकासाठी तोंडाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला तरी पुरतं. बोट छाटण्याची जुनी रीत मी वापरत नाही. त्याच वेळी पिट टॅग पाठीच्या कातडीखाली घालून छिद्रापासून बोटाने दूर सरकवायचा. बेडकाची कातडी अंगाला चिकटलेली नसते, खाली लसीकेच्या मोकळ्या पिशव्या असतात, टॅग तिथे फिरत राहतो. ऑस्ट्रेलियातल्या काही बेडकांनी तर पोटात बसवलेले रेडिओ ट्रान्समीटर मूत्राशयात ओढून घेऊन बाहेर टाकले होते. म्हणून टॅग वाचून पाहिल्याशिवाय बेडूक हौदात सोडू नका, आणि डीएनएचा नमुना जपून ठेवा. टॅग हरवला तरी बेडूक पुन्हा ओळखता येतो.

आता मार्कर कोणते घ्यायचे ते. आई-बाप लावायचे असतील तर मायक्रोसॅटेलाइट अजूनही चालतात, पण त्यांचं एक दुखणं आहे. प्रायमर जिथे बसतो तिथेच बदल झाला असेल तर तो अॅलील दिसतच नाही. बाप विषमयुग्मक असून समयुग्मक दिसतो, पोरगंही तसंच, आणि खरा बाप यादीतून बाद होतो. बेडकात हे वारंवार घडतं. एका विसंगतीवरून बापाला नाकारायचं नाही, हा नियम आधीच ठरवून घ्या. नव्याने सुरुवात करत असाल तर एसएनपीच घ्या. एक आदर्श एसएनपी, दोन्ही अक्षरं निम्म्या-निम्म्या प्रमाणात असलेला, चुकीच्या बापाला आठात एकदाच पकडतो. ऐकायला फार कमी वाटतं, पण असे शंभर एकमेकांपासून स्वतंत्र एसएनपी लावले की चुकीचा बाप निसटण्याची शक्यता दहा लाखांत दोनपेक्षाही कमी राहते. प्रत्यक्षात सगळे एसएनपी आदर्श नसतात, काही वाचनं चुकतात, भावंडं बाप म्हणून पुढे येतात, म्हणून दीडशे-दोनशेचा संच धरावा.

हे एसएनपी शोधताना खिशाला कात्री लागते ती बेडकाच्या जीनोममुळे, म्हणजे त्याच्या एकूण डीएनएमुळे. बुलफ्रॉगचा जीनोम 2017 मध्ये प्रसिद्ध झाला: सुमारे 5.8 अब्ज अक्षरं, माणसाच्या जवळपास दुप्पट, आणि जनुकं मात्र 22 हजारांच्या आसपास. उरलेल्यात पुनरावृत्तीच फार. रॅड पद्धतीने, म्हणजे ठरावीक एन्झाइमने डीएनए कापून फक्त त्या कापांच्या आजूबाजूचं वाचायचं ठरवलं, तरी हिशेब करून बघा. आठ अक्षरांवर कापणारं एन्झाइम सरासरी 65,536 अक्षरांत एकदा कापेल. म्हणजे 5.8 अब्जांत साधारण 88 हजार काप आणि प्रत्येक कापाच्या दोन बाजू मिळून पावणेदोन लाख तुकडे. शंभर बेडूक, प्रत्येक तुकडा वीसदा वाचायचा, तर पस्तीस कोटी वाचनं. सहा अक्षरांवर कापणारं एन्झाइम घेतलंत तर हाच आकडा सोळा पटीने वाढतो. तिलापियासाठी लिहिलेला प्रोटोकॉल उचलून बेडकाला लावणारे इथे आपटतात: पैसे संपतात आणि प्रत्येक जागा दोन-तीनदाच वाचलेली निघते. आठ अक्षरांचं एन्झाइम घ्या, किंवा दोन एन्झाइम वापरून ठरावीक लांबीचेच तुकडे निवडा. आणि ज्या "एसएनपी"ला झाडून सगळे बेडूक विषमयुग्मक दिसतात तो फेकून द्या. त्या जीनोममधल्या दोन सारख्या जागा एकावर एक बसलेल्या असतात.

मार्करचा दुसरा खरा उपयोग लिंग ओळखण्यात आहे. मोठ्या बुलफ्रॉगमध्ये नर-मादी कळायला डीएनए लागत नाही. नराच्या कानाचा पडदा डोळ्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो, गळा पिवळा असतो. पण बेडूकमाशात आणि लहान पिल्लात काहीच कळत नाही. ईशान्य चीनमध्ये राना डायबोव्स्की हा वनबेडूक पाळतात तो मादीच्या अंडनलिकेसाठी, जी वाळवून औषधी पदार्थ म्हणून चढ्या भावाने विकली जाते. तिथे नर म्हणजे निव्वळ खर्च. अशा ठिकाणी लिंगाचा मार्कर पहिल्याच वर्षी पैसे वसूल करून देतो.

पण बेडकातलं लिंगनिर्धारण सरळ नाही. बहुतेक बेडकांत गुणसूत्रांच्या तेरा जोड्यांमध्ये नर-मादीची जोडी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी दिसत नाही. जपानमधल्या ग्लँडिराना रुगोसा या एकाच प्रजातीत काही प्रदेशांत नर एक्सवाय असतो (लिंग बापाकडून ठरतं), तर काही प्रदेशांत मादी झेडडब्ल्यू (लिंग आईकडून ठरतं). त्यात तापमानाची भर. अमेरिकन वनबेडकाचे बेडूकमासे 32 अंशांवर वाढवले तर सगळे नर होतात, हे विची यांनी 1929 मध्येच दाखवलं होतं. मार्कर मादी सांगतो आणि हौदात नर बसलेला असतो, असं उन्हाळ्यात तापणाऱ्या हौदांत घडू शकतं, आणि तेव्हा मार्कर चुकलेला नसतो. उलट त्याच्यामुळेच लिंगबदल पकडला जातो. अमेरिकेत ग्रीन फ्रॉगच्या नैसर्गिक तळ्यांतला लिंगबदल लिंगाशी जोडलेल्या एसएनपींवरूनच उघड झाला. पैदाशीच्या दृष्टीने असा एक्सएक्स, म्हणजे जनुकांनी मादी पण शरीराने नर, बेडूक ही लॉटरीच आहे: त्याची सगळी पिल्लं माद्या निघू शकतात, आणि हॉर्मोनचा एक थेंबही विक्रीच्या बेडकाला लागत नाही.

असा मार्कर शोधताना कंजूषपणा करू नका. पाच नर आणि पाच माद्या घेतल्या आणि "नरांत विषमयुग्मक, माद्यांत नाही" असे एसएनपी शोधले, तर निव्वळ योगायोगाने हजारात एक असा सापडू शकतो. तुमच्याकडे लाखभर एसएनपी असतील तर शंभर खोटे मार्कर मिळतील आणि सगळे सारखेच सुंदर दिसतील. पंधरा-पंधरा घेतले की योगायोग जवळपास संपतो. मग दुसऱ्या फार्मच्या बेडकांवर तपासा, कारण एका वंशातला मार्कर दुसऱ्या वंशात निकामी ठरणं बेडकात नेहमीचं आहे.

एक गंमत इथेच सांगून टाकते, कारण ती पुढे फार उपयोगी पडेल. युरोपातल्या राना टेंपोरारियात असं दिसलं आहे की नराच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल फक्त टोकांपाशी होते, मधला मोठा भाग बापाकडून जवळपास आहे तसा पोराकडे जातो. मादीत मात्र अदलाबदल सर्वत्र. याचा अर्थ असा की बापाकडून आलेला वारसा पाहायला गुणसूत्रामागे चार-पाच मार्कर पुरतील. कुठल्या गुणसूत्रावर गुण आहे ते बापाच्या बाजूने स्वस्तात कळेल, आणि गुणसूत्रावर नेमका कुठे ते आईच्या बाजूने शोधावं लागेल. तुमच्या प्रजातीत हे कितपत लागू पडतं ते दोन-चार मोठ्या कुटुंबांत आधी तपासायचं. लागू पडलं तर अर्धा खर्च वाचला.

त्या मानाने जीनोमिक निवड, म्हणजे हजारो एसएनपी एकदम घेऊन बेडकाचं जनुकीय मूल्य काढणं, सध्याच्या बहुतेक फार्मसाठी अकाली आहे. तिला हजार-दोन हजार नोंदलेले, मोजलेले प्राणी लागतात. आणि बेडकाची पिढी वर्षभरात होते, सामनसारखी तीन-चार वर्षांत नाही. जिथे पिढी लवकर येते तिथे साध्या, कुटुंबवार निवडीतच भराभर पुढे जाता येतं. समजा विक्रीच्या वेळचं सरासरी वजन 200 ग्रॅम, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) 40 ग्रॅम, अनुवंशिकतेचा गुणांक 0.25, म्हणजे बेडकांतल्या फरकाचा चौथा भाग जनुकांमुळे, आणि तुम्ही वरचे दहा टक्के ठेवले. पिढीमागे सुमारे साडेसतरा ग्रॅम, म्हणजे जवळपास नऊ टक्के वाढ अपेक्षित आहे. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या कळपाचे तुम्हाला मोजावे लागतील. पण यात डीएनएवर खर्च होतो तो फक्त आई-बाप लावण्यापुरता.

रोगप्रतिकार हा मात्र वेगळा मामला. जो गुण मोजताना प्राणी मरतो त्यासाठी मार्करची वाट पाहण्यात अर्थ आहे. चीनमधल्या बेडूकफार्मवर एलिझाबेथकिंगिया मिरिकोला या जिवाणूने मान वाकडी होऊन, डोळ्यात मोतीबिंदू येऊन बेडूक मरतात. वाचलेला बेडूक जोडीत ठेवावा तर तोच वाहक असण्याची भीती. इथे कुटुंबाची निम्मी भावंडं वेगळ्या केंद्रावर रोगाला सामोरी ठेवायची आणि न लागण झालेल्या भावंडांतून मार्करने निवडायचं, हीच सामनवाली रीत. आधार अगदीच नाही असं नाही. नैर्ऋत्य अमेरिकेतल्या लोलँड लेपर्ड फ्रॉगमध्ये एमएचसी या रोगप्रतिकाराच्या जनुकांतल्या वर्ग दोनच्या ठरावीक अॅलीलांचा बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या काइट्रिड बुरशीतून वाचण्याशी संबंध 2011 मध्ये दाखवला गेला. पण बुलफ्रॉगमध्ये काइट्रिडच्या प्रतिकाराची निवड करा असं कोणी सुचवलं तर मी विरोध करेन. तो मुळातच ती बुरशी अंगावर घेऊन धडधाकट फिरतो. बुरशी सहन करणारा आणि बुरशी मारणारा हे दोन वेगळे बेडूक आहेत, आणि जिवंत राहण्यावर निवड केली तर पहिलाच हाती लागायचा धोका मोठा. फार्मचं सांडपाणी ओढ्यात जाणार, तिथल्या रानबेडकांना ती सहनशीलता नसते.

आता भारताचं. इथे मी तुमचा थोडा हिरमोड करणार आहे. आपला मोठा बेडूक होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस 1985 पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, बेडकाच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद झाली, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, मारणं गुन्हा आहे. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर "जंपिंग चिकन"साठी रात्री बॅटऱ्या घेऊन फिरणाऱ्यांना वनखातं पकडतं ते यासाठीच. परदेशी बुलफ्रॉग आणण्याचा विचारही नको. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपला स्वतःचा बेडूकसुद्धा अंदमानात पोहोचून तिथल्या स्थानिक बेडकांचे बेडूकमासे फस्त करतो आहे. "फार्म काढला तर रानातली शिकार थांबेल" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. फार्मला जोड्या लागतात, त्या रानातून येतात, आणि फार्मच्या पावतीआड रानातलं मांस विकणं अगदी सोपं असतं.

त्यामुळे निवड पैदाशीचा प्रबंध इथे करायचा असेल तर तो माशावर करा, तंत्र तेच आहे. बेडकावरच करायचा असेल तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घेऊन कोकण-गोव्यातल्या टायगेरिनसच्या रानातल्या विविधतेवर काम करा, तोंडातल्या बोळ्यांवरून, एकही बेडूक न मारता. त्यातून दोन गोष्टी हाती येतील. एक म्हणजे कुठल्या पाणथळीतले बेडूक एकमेकांत मिसळतात याचा नकाशा. दुसरी, जप्त केलेलं मांस नेमकं कोणत्या बेडकाचं हे सांगणारा संदर्भसंच, कारण तिथे टायगेरिनसबरोबर त्याचाच भाऊबंद होप्लोबॅट्रॅकस क्रासस हाही पकडला जातो आणि सोललेल्या तंगडीवरून दोघांत फरक करणं अवघड. मार्कर निवडताना मायटोकॉन्ड्रियातला 16-एस जनुक घ्या. प्राण्यांसाठी नेहमी वापरले जाणारे सीओआय या जनुकाचे प्रायमर बेडकात बऱ्याचदा बसत नाहीत. मायटोकॉन्ड्रियातल्या एनडी-5 आणि नियंत्रण प्रदेशाच्या वाटेलाही जाऊ नका, कारण होप्लोबॅट्रॅकसमध्ये त्यांच्या दोन-दोन प्रती असतात आणि आलेख वाचताना दुहेरी शिखरं दिसली की दूषित नमुना की दुसरी प्रत हे ठरवता येत नाही. मांस तळलेलं किंवा रश्शातलं असेल तर डीएनए तुटलेला असतो. तेव्हा दीडशे-दोनशे अक्षरांचा छोटा तुकडा वाचणारे प्रायमर आधीच बनवून, कच्च्या आणि शिजवलेल्या कोंबडीवरही चालवून पाहा, म्हणजे ते चुकून कोंबडीला बेडूक ठरवत नाहीत ना ते कळेल.